देशपांड्यांच्या घरातला लिख्नारास

माझ्या भावाचं नाव चारुदत्त लिख्नारास. वाचताना अडखळला असाल तर वाईट वाटून घेऊ नका, आमचं अख्खं महाराष्ट्र मंडळ बारा वर्षं अडखळतंय. "चारुदत्त... आणि पुढे काय ते?" असं म्हणून लोक माझ्याकडे बघतात, कारण सख्खी बहीण मी. मूळचा तो चारुदत्त मोरेश्वर देशपांडे. लग्नानंतर त्याने बायकोचं आडनाव लावलं. ग्रीक आडनाव, तेही असं की खुद्द ग्रीक लोक दोनदा विचारतात. मी त्याच्यावर चिडलेली आहे, बाबांवर त्याहून जास्त चिडलेली आहे, आणि हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदारपणा शिकवायला नको.

गेल्या फेब्रुवारीत आमची आई गेली. प्लेनोच्या हॉस्पिटलमधून घरी आल्यावर बाबांनी अंगातलं जॅकेटसुद्धा काढलं नाही. दारातच म्हणाले, "रेणू, बटण तू दाबायचंस. तो ग्रीक तिथे आलेला मला चालणार नाही."

तो ग्रीक म्हणजे चारू. नवं आडनाव बाबांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि जुन्या नावाने हाक मारणंही सोडलं होतं. घरात त्याचा उल्लेख 'तो ग्रीक' असाच व्हायचा, जसा काही तो शेजारी राहायला आलेला कोणी भाडेकरू होता.

बटणाचं सांगायला हवं. इथे टेक्ससमध्ये चिता नसते. फ्यूनरल होमच्या मागच्या अंगाला एक खोली असते, तिथे भट्टीचं स्टीलचं दार आणि शेजारी भिंतीवर एक बटण. मुलगा ते दाबतो आणि त्यालाच आम्ही अग्नी देणं म्हणतो. आईने मला शुद्धीत असताना स्पष्ट सांगितलं होतं, "बटण चारूच दाबेल." बाबांनाही सांगितलं होतं. शिवाय ती त्यांना म्हणाली होती, "आणि एकदा तरी त्याला त्याच्या नावाने हाक मारा हो. जे काय असेल त्या नावाने." बाबा तेव्हा खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत बसले होते. आईने आयुष्यात त्यांच्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि हे एक मागितलं तर त्यांचं उत्तर हे असं.

आता चारूबद्दल. लहानपणापासून त्याला उरलेल्या गोष्टींची दया यायची. मंडळाच्या गणपतीत ताटात शेवटची एक इडली उरायची, कोणी हात लावायचं नाही, की हा जाऊन ती खायचा. का, तर तिला वाईट वाटेल. दुकानातून चेपलेला डबा उचलून आणायचा, कारण तो कोणी नेणार नाही. आई हसायची, बाबा वैतागायचे, आणि मला पुढच्या आयुष्यात काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तेव्हाच यायला हवा होता. मोठा होऊन तो प्लेनोतल्याच एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला लागला. तिथेही बंद पडत आलेल्या जुन्या सिस्टिम त्याच्या गळ्यात मारतात आणि हा त्या जीव लावून सांभाळतो.

चौतिसाव्या वर्षी त्याने एलेनीशी लग्न ठरवलं. एलेनी फिजिओथेरपिस्ट, डॅलसमध्येच वाढलेली, आणि तोंडाने फटकळ. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. बाबांनी मुलगी ग्रीक आहे हे सहज पचवलं. "जुनी संस्कृती आहे," म्हणाले. बाबा त्र्याहत्तर साली नागपूरहून आलेले, हायवे बांधणारे इंजिनिअर. त्यांना जुन्या गोष्टींचा फार अभिमान, फक्त त्या गोष्टी आपल्या जागी राहिल्या पाहिजेत.

एलेनीचे वडील मनोलिस यांचं डॅलसमध्ये एक डायनर होतं. अंडी, पॅनकेक, कॉफी, आणि गिऱ्हाइकावर खेकसणं. चारूला पहिल्यांदा बघून ते मुलीला म्हणाले होते, "मटण खात नाही, वाइन पीत नाही. मग हा करतो काय?" लग्न ठरल्यावरही त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मात्र आपल्या आडनावाचा विषय निघाला की हा माणूस बदलायचा. लिख्नोस म्हणजे दिवा, लिख्नारास म्हणजे दिवेवाला. त्यांच्या छोट्याशा बेटावर बंदराच्या तोंडाशी रोज दिवा लावण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं, त्या उजेडावर होड्या घरी परत यायच्या, असं ते सांगायचे. त्यांची बायको जिवंत असेपर्यंत मध्येच म्हणायची, "काहीतरीच. तुमचा खापरपणजोबा चर्चमधल्या दिव्यांचं तेल चोरायचा, म्हणून गावाने हे नाव पाडलं." यावर दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मला स्वतःला तेलचोराची गोष्ट जास्त खरी वाटते.

खरं असेल ते असो, पण ते आडनाव संपत आलं होतं. बेटावर लिख्नारास उरले होते ते दफनभूमीतल्या दगडांवर. एक शाखा ऑस्ट्रेलियात गेली, तिथे दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघी अविवाहित. अमेरिकेत फक्त मनोलिस. फोन बुकांच्या काळात ते कुठल्याही गावी गेले की मोटेलच्या खोलीत सामान टाकून आधी ड्रॉवरमधलं फोन बुक काढायचे आणि एल अक्षर उघडायचे. ह्यूस्टन, शिकागो, टाम्पा, कुठेच कोणी नाही. एलेनी म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं सगळेच बाबा हॉटेलात गेल्यावर हे करतात." ती हसत हसत सांगत होती. आमचा चारू हसला नाही. शेवटची इडली ताटात दिसल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता, मी तिथेच होते, मी पाहिला.

आणि आम्ही? देशपांडे हा मुळात हुद्दा. परगण्याचा हिशेब ठेवणारा तो देशपांडे, म्हणजे जितके परगणे तितके देशपांडे. डॅलसजवळच्या अर्विंगच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये काउंटरवरच्या पोराने "देशपांडे, टू मसाला डोसा" अशी हाक मारली की तिघंजण उठतात, आणि डोसा चौथाच घेऊन जातो. आमच्या गल्लीच्या टोकाला देशपांडे, बाबांच्या डेंटिस्टकडची रिसेप्शनिस्ट देशपांडे, मंडळाचा खजिनदार देशपांडे, आणि यातला कोणी आमच्या नात्यातला नाही.

लग्नाच्या आधी दोन आठवडे चारू आणि एलेनी आईबाबांकडे जेवायला आले. मीही होते. वरणभात वाढून झाला आणि चारूने सांगितलं, की तो लिख्नारास हे आडनाव लावणार आहे. एलेनी ताडकन म्हणाली, "मी त्याला नको म्हणतेय! आयुष्यभर लोकांनी माझ्या नावाची वाट लावली. आय वॉन्टेड टू बी अ देशपांडे!" तिला बिचारीला वाटलं असेल, देशपांडे लोकांचं नाव कोणी चुकवत नाही.

बाबा हातातला घास तसाच धरून बसले. "काय दिवे लावलेस!" ते म्हणाले. दिवेवाल्यांच्या घरी जाणाऱ्या मुलाला यापेक्षा चपखल शिवी मिळाली नसती, पण त्या क्षणी हसायची कोणाची छाती होती?

"बाबा, लिसन," चारू म्हणाला. "आपल्या आडनावाचे लाखो लोक आहेत. एक मी कमी झालो तर काही अडत नाही. त्यांचं तर संपतंय."

"आडनावाचं अडत नाही," बाबा म्हणाले. "माझं अडतं. मला मुलगा एकच आहे."

एवढ्यावर चारूने गप्प बसायचं ना? नाही. तो म्हणाला, "मी मुलगा आहेच की. मधलं नाव मोरेश्वरच ठेवतोय." बाबा उठले आणि हात धुवून आले. "दत्तक गेलास तू," ते म्हणाले. "दत्तक गेलेल्याचा जन्मघराशी संबंध संपतो. घरजावई तरी सासऱ्याचं खातो, आडनाव आपलंच लावतो. तू त्याच्याही खालचा."

मग आई बोलली. आमची आई सहसा मोठ्याने बोलत नसे. ती म्हणाली, "मी माहेरची लता घाटे. तुमच्या आईने नाव ठरवलं, तुम्ही तांदळात अंगठीने लिहिलंत आणि मी सुहासिनी देशपांडे झाले. नावही गेलं, आडनावही गेलं. माझ्या वडिलांनी काही सुतक पाळलं नाही. पेढे वाटले."

मी लग्नात देशपांड्यांची बापट झाले तेव्हाही पेढेच वाटले होते. बाबांनी आग्रह करून करून वाटले होते. त्या जेवणात मी हे बोलून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "तू मुलगी आहेस." जणू मला हे कोणी अजून सांगितलंच नव्हतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही चारूचा राग आला तो आलाच, कारण जगातली प्रत्येक उरलेली इडली आपणच संपवली पाहिजे असा कुठे कायदा आहे? आईबापांना दुखवून कसली समाजसेवा करतोस?

बाबा लग्नाला आले नाहीत. आई माझ्याबरोबर आली, ग्रीक चर्चमध्ये पैठणी नेसून बसली आणि सारखी दाराकडे बघत राहिली. मनोलिसही काही उपकाराने वाकलेले वगैरे नव्हते. चारूचा निर्णय कळल्यावर "माझ्यावर दया दाखवतोस?" म्हणून ते त्याच्यावर गरजले होते आणि आठवडाभर त्यांनी त्याचा फोन उचलला नव्हता. लग्नानंतरही चारूने कोकराचं मांस कापायला नकार दिला की ते सर्वांदेखत म्हणायचे, "लिख्नारास म्हणे!" ज्या घरासाठी हा पोरगा आपल्या घरातून उठला तिथेही त्याची पत्रास नव्हती. हे मला कळायचं आणि माझा जीव जळायचा, पण त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

दोन वर्षांनी मुलगा झाला. चारूने बाबांना फोन केला. लग्नापासूनचा पहिला फोन. आईने स्पीकरवर टाकला, मी तिथे सोफ्यावर बसलेली. "बाबा, मुलगा झाला. नाव मोरेश्वर ठेवलंय," चारू म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता. "आणि ऐका ना, त्यांच्यात असं असतं, की..."

बाबांनी फोन ठेवला.  "मी जिवंत आहे ना गं?" त्यांनी आईला विचारलं. "मग माझं नाव कसं ठेवलं? आजा गेल्यावर त्याचं नाव नातवाला देतात. हे मला मारून मोकळे झाले. आडनाव टाकलं, आता नाव उचललं, आणि त्याच्यापुढे त्या ग्रीकाचं शेपूट लावलं!"

खरं सांगते, या एका गोष्टीत मी बाबांच्या बाजूची होते. आपल्याकडे हयात आजोबांचं नाव पोराला ठेवत नाहीत हे चारूला माहीत होतं. सून उठताबसता सासऱ्याच्या नावाने पोराला दटावणार, "मोरेश्वर, खाली उतर, मोरेश्वर, नाक पूस," हे कुठल्या मराठी घरात चालतं? मी त्याला फोन करून झाप झाप झापलं. तो म्हणाला, "ज्यांना ऐकून घ्यायचं नाही त्यांना कशाला सांगू?" आणि पुढे एक शब्द बोलला नाही. हट्टाच्या बाबतीत तो शंभर टक्के देशपांडे आहे, तिथे ग्रीक लोकांचा काही संबंध नाही.

आईची तर पंचाईतच झाली. तिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, लग्नातला उखाणा सोडून. आता नातवाला हाक कशी मारणार? ती त्याला 'बाळकोबा' म्हणायची. दर शनिवारी मी तिला अर्विंगला किराणा आणायला नेते असं बाबांना सांगून घेऊन जायचे. चारू पोराला घेऊन तिथे यायचा. कधीकधी मनोलिसही यायचे. आईच्या हातचा चिवडा त्यांना आवडायचा, डायनरच्या कागदी पिशवीतून घेऊन जायचे. परत आलो की बाबा घड्याळ बघून म्हणायचे, "कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणायला अख्खी दुपार?" त्यांना सगळं माहीत होतं. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं, म्हणून विचारत नव्हते. हे असलं भित्रं मौन माझ्या डोक्यात जातं.

अंत्यविधी सोमवारी सकाळी होता. बाहेर कडाक्याचं थंड वारं. फ्यूनरल होमवाल्यांनी आमच्यासाठी जेवढा वेळ ठेवला होता तेवढ्यात मंत्र, फुलं, दर्शन आणि बटण, सगळं बसवायचं होतं. गुरुजी तुळशीची पानं आणि गंगाजलाची बाटली मांडत होते. उघडा दिवा तिथे लावू देत नाहीत, म्हणून त्यांनी बॅटरीवरची पणती आणली होती. मंडळातले लोक हलक्या आवाजात हायवेवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. चारू, एलेनी आणि पोरगा बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले होते. "मी तिथे तमाशा करणार नाही," चारूने मला फोनवर सांगितलं होतं. "बोलावलं तर येईन." स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला आमंत्रणाची वाट बघणारा माणूस! मी बाबांना दोनदा सांगितलं, "मी बटण दाबणार नाही. आईने चारूला सांगितलंय." बाबा म्हणाले, "मग मी दाबेन."

तेवढ्यात मनोलिस आत आले. एकटेच. काळा सूट, हातात काठी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. हे दोघे व्याही याआधी एकमेकांना भेटलेच नव्हते. मनोलिस सरळ येऊन बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्यांचं इंग्लिश खडबडीत आहे आणि बाबांचंही काही मऊ नाही. मी मराठीत सांगते.

"मी मिसेससाठी आलोय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाही."

"मुलगा नेलात," बाबा म्हणाले. "आता काय न्यायला आलात?"

"तुमचा मुलगा बाहेर थंडीत बसलाय. त्याला आत घ्या. कुत्र्यालाही आईजवळ येऊ देतात."

 बाबा उभे राहिले. "तुम्ही मला शिकवू नका. माझ्या मुलाचं आडनाव घेतलंत. तेवढ्याने पोट भरलं नाही, म्हणून मी जिवंत असताना माझं नाव त्या पोराला ठेवलंत. आमच्यात ते मेलेल्या माणसाचं ठेवतात. कळतं का तुम्हाला? मेलेल्या!"

 मनोलिस माझ्याकडे वळून म्हणाले, "हे खरं आहे?" मी मान हलवली. त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली.

"आमच्यात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात," ते म्हणाले. "ते जिवंत असताना. त्याला त्यांच्या नावाने हाक मारलेली त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता यावी म्हणून. याहून मोठा मान आमच्यात नाही. पोरगा झाला तेव्हा एलेनी म्हणाली, मनोलिस ठेवू. तुमचा मुलगाही म्हणाला, मनोलिस ठेवू. जावयाने सासरचं आडनाव लावलं की तेही चालतं. मी नाही म्हटलं. मी त्यांना सांगितलं, चारूच्या वडिलांकडून एक नाव घेतलंय, दुसरं घ्यायला मी चोर नाही. पहिलं नाव त्यांचं."

 बाबांची नजर मनोलिसच्या काठीवर होती.

"मग तुमचं?" त्यांनी विचारलं. "तुमचं नाव कोणाला दिलं?"

"कोणालाच नाही. एलेनीला पुढे मूल झालं नाही." मनोलिस काठी टेकून उठले. "आणि मला धन्यवाद देऊ नका. तुम्ही मला आवडत नाही."

"तुम्हीही मला," बाबा म्हणाले.

मग ते दाराकडे निघाले. मी मागोमाग गेले, कारण ते जॅकेट न घालताच बाहेर पडले होते. पार्किंग लॉट ओलांडून ते चारूच्या गाडीपाशी गेले आणि बोटाने काच वाजवली. चारूने काच खाली केली. बारा वर्षांनी बापलेक समोरासमोर, आणि बाबा म्हणाले काय? "चल. तुझ्या आईने सांगून ठेवलंय म्हणून बोलावतोय. तुझंमाझं मिटलेलं नाही."

"हो, बाबा," चारू म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

मागच्या सीटवर पोरगा बसला होता. दहा वर्षांचा, चारूसारखाच चेहरा. बाबांनी त्याच्याकडे वाकून पाहिलं. "मोरेश्वर," ते म्हणाले. स्वतःचंच नाव त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याला हाक मारायला वापरलं. "तूही ये. बघून ठेव. माझ्या वेळेला तुला लागेल."

"ओके, आजोबा," तो म्हणाला. त्याला आजोबा हा शब्द आईने शिकवला असणार, दुसरं कोण शिकवणार?

आत गुरुजी खोळंबले होते. मागच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. आईच्या अंगावर चारूच्या लग्नातली तीच पैठणी होती. हे गुरुजी मंत्र म्हणण्याआधी पूर्ण नाव विचारतात, आडनावाशिवाय त्यांचं समाधान होत नाही. त्यांनी चारूच्या हातात पाणी दिलं आणि विचारलं, "कर्त्याचं पूर्ण नाव?"

चारूने तोंड उघडलं आणि मिटलं. मला कळलं, बाबांच्या समोर ते नाव उच्चारायची त्याला हिंमत होत नाहीये. मंडळातले लोक जमिनीकडे बघायला लागले. गुरुजींनी पुन्हा विचारलं.

"चारुदत्त मोरेश्वर लिख्नारास," बाबा म्हणाले.

एकदाही न अडखळता म्हणाले. जे मंडळातल्या कोणाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते बाबांना अगदी स्वच्छ येत होतं, मनोलिस म्हणतात तसं, मधल्या 'ख'वर किंचित थांबून. आपोआप असं येत नाही. कधीतरी गाडीत, कधी गॅरेजमध्ये, एकटं असताना त्यांनी ते म्हणून पाहिलं असणार, एकदा नाही, पुष्कळदा.

मला इतका संताप आला, की हातातली तुळशीची पानं चुरगळली गेली. "येत होतं ना तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "मग ती होती तेव्हा एकदा म्हणायला काय झालं होतं, बाबा? एकदा?"

कोणीतरी माझा दंड धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आईच्या जवळ सरकले आणि तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"म्हटलं बघ," ते तिला म्हणाले.

गुरुजींनी खूण केली आणि चारूने बटण दाबलं.